मंगल आणि गौतमी : अक्षरे घडवणाऱ्या एका कवीची कथा

गोदावरीच्या काठी बासर येथे श्रीसरस्वतीचे जे पुरातन स्थान आहे, तेथे वसंतपंचमीच्या दिवशी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर लेकरू, पुढ्यात पाटी, आणि त्याचे चिमुकले बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेणारे पुरोहित, असा तो सोहळा. तेलुगु भाषेत ह्या संस्काराला अक्षराभ्यासम् म्हणतात. निजामाबाद-निर्मलकडचे तेलुगु कुटुंब आणि नांदेड-किनवटकडचे मराठी कुटुंब एकाच रांगेत बसलेले असते. एका पाटीवर वाटोळी तेलुगु अक्षरे उमटतात, शेजारच्या पाटीवर देवनागरी. देवी एक, लिप्या दोन. आदिलाबादच्या परिसरात जन्मलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. कारण उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी ह्यांच्या मधला हा मुलूख पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषांत बोलत आला आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून काढून मराठी मुलखाला जोडले गेले आणि २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तेव्हापासून बासर निर्मल जिल्ह्यात गेले. परंतु देवळाच्या पायरीवरची भाषा अशा आदेशांनी बदलत नसते.

ही मुले पाच-सात वर्षांनी संगणकासमोर बसली की तेथेही त्यांना अक्षरे भेटतात. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर मराठी लिहावयास जो बसला, त्याच्यापुढे बहुधा ‘मंगल’ नावाच्या वळणाची देवनागरी येई. तेलुगु लिहिणाऱ्यापुढे ‘गौतमी’ नावाच्या वळणाची तेलुगु येई. मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीच्या विंडोज प्रणालीबरोबर ही अक्षरे आपोआप घरी येत असल्यामुळे ती कोणी काढली असतील हा प्रश्न कोणाच्या मनात उठत नसे. ती दोन्ही एकाच मराठी माणसाच्या देखरेखीखाली घडली होती. तो माणूस आयुष्यभर कविता करीत असे, ही गोष्ट तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे कलावंतांच्या वर्तुळात ‘र. कृ.’, ह्यांची ही हकीकत आहे. मात्र ती नीट कळण्यासाठी थोडे मागे, गोव्यापर्यंत, जावे लागेल.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पुढे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य सासष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. त्याच्या धर्महेतूविषयी आपले मत काहीही असो, त्याची मराठी ओवी कानाला गोड लागते हे मान्य करावेच लागते. पण हे मराठी काव्य छापले गेले रोमन अक्षरांत. असे का व्हावे? १६०८ सालच्या एका पत्रात स्टीफन्सनेच त्याचे कारण लिहून ठेवले आहे. ह्या देशाच्या लिपीत ग्रंथ छापावेत अशी इच्छा त्याने पुष्कळ वर्षे बाळगली होती. पण युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, तर येथे अक्षर म्हणजे सबंध अवयव असल्यामुळे सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील, आणि ते तर अशक्य दिसते, असा त्याचा अभिप्राय. सहाशे साच्यांचा हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. कवीजवळ काव्य होते, छापखाना होता, वाचक होते. अडले ते कारागिरीपाशी.

हे कोडे मुंबईत एकोणिसाव्या शतकात धातूच्या खिळ्यांनी सोडवले. गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला न शिवणाऱ्या मंडळींसाठी त्यांनी तुपाची शाई केली, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांच्यानंतरचे मोठे नाव जावजी दादाजी ह्यांचे. १८३९ साली जन्मलेला हा गरिबाघरचा मुलगा दहाव्या वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागला. १८६४ साली त्याने स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारख्या कसबी माणसाने पोलादावर कोरलेले पंच, त्यांवरून ठोकलेले साचे, साच्यांतून ओतलेले खिळे, आणि त्या खिळ्यांनी जुळवलेले ग्रंथ, असा सगळा व्यवहार एका छपराखाली आला. अखंड आणि डिग्री अशा जुळणीच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत काना-मात्रांसह सबंध अक्षराचा खिळा, दुसरीत मात्रा वेगळ्या लावण्याची सोय. अक्षरांचा धंदा करता करता जावजींची संस्था संस्कृत काव्याची सर्वांत विश्वासू राखणदार झाली. १८८६ साली सुरू झालेल्या ‘काव्यमाले’ने कित्येक काव्ये हस्तलिखितांच्या फडक्यांतून बाहेर काढली. १८९२ साली जावजी वारले. त्यांनी स्वतः काव्य केल्याचे ऐकिवात नाही. पण काव्य टिकावयाचे तर प्रथम अक्षर घडवावे लागते, हा धडा त्यांच्या धंद्याने घालून दिला.

आता र. कृं.कडे वळू.

१९३६ साली जन्मलेले जोशी मुंबईच्या सर ज. जी. कलासंस्थेत उपयोजित कला शिकले आणि जाहिरातीच्या व्यवसायात शिरले. उल्का ह्या जाहिरातसंस्थेत त्यांनी सुमारे दोन दशके कलादिग्दर्शक म्हणून काढली. जाहिरातीचा धंदा म्हणजे साबण आणि कापड विकण्याचा धंदा, अशी आपल्याकडच्या सोवळ्या रसिकांची समजूत असते. ती खरी असली तरी अपुरी आहे. मुंबईच्या त्या धंद्यात त्या वर्षांत कवींचा एक कळपच वावरत होता; ‘जेजुरी’चे कर्ते अरुण कोलटकर हेही पोटासाठी जाहिरातींचीच चित्रे काढीत. अक्षर केवढे असावे, दोन अक्षरांत श्वास किती ठेवावा, मोकळी जागाही कशी बोलते, हे ह्या मंडळींनी तेथे शिकून घेतले. र. कृं.च्या कवितेवर तर त्याची उघड छाप आहे. त्यांची कविता कानाने ऐकावयाची तितकीच डोळ्यांनी पाहावयाची. शब्दाचा अर्थ आणि त्या शब्दाच्या अक्षरांची आकृती ह्यांत त्यांनी भेद ठेवला नाही. लेखणी उचलली की ते लिहीत आहेत की चित्र काढीत आहेत हे सांगता येत नसे. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्या लेखकाला हा भेद मुळी माहीतच नव्हता. आदिलाबादपासून थोड्या अंतरावर जैनाड (आजचे जैनथ) येथे परमार जगद्देवाच्या काळचा जो नागरी शिलालेख आहे, तो कोरणाऱ्या हातालाही तो माहीत नसावा.

१९८३ साली, पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही बऱ्या असताना, त्यांनी जाहिरातीचा व्यवसाय सोडला आणि पवईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक झाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसे घर बांधतात; हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाले असे म्हणण्यास हरकत नाही, कारण शिकवता शिकवता त्यांना संगणकाशी झुंजावे लागले. तेरा वर्षांनी, १९९६ साली, तेथून निवृत्त झाल्यावर ते मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. कवी, चित्रकार, जाहिरातवाला, प्राध्यापक, आणि साठीत सॉफ्टवेअरवाला! आपल्याकडे अशा माणसाला धरसोड्या म्हणण्याची रीत आहे. पण र. कृं.नी धरलेली वस्तू पहिल्यापासून एकच होती. अक्षर त्यांनी कधी सोडले नाही. बदलली ती फक्त त्याला हात घालण्याची जागा.

त्या वेळची स्थिती कशी होती हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. संगणकावर मराठी येत नव्हती असे नाही. येत होती, पण प्रत्येक कंपनीची मराठी निराळी. एकीच्या संकेतात जो आकडा ‘क’ दाखवी तोच दुसरीच्या संकेतात ‘ढ’ दाखवी. आमच्या देवळाच्या उत्सवाची पत्रिका मराठी आणि तेलुगु अशा दोन्ही भाषांत निघते. एका वर्षी तिचा मजकूर शहरातल्या एका छापखान्याने परगावच्या दुसऱ्या छापखान्याकडे पाठवला, आणि तेथे उघडल्यावर देवाच्या नावासकट सगळ्याचे चौकोन आणि प्रश्नचिन्हे झाली. यजमानांची नावे रात्री बसून पुन्हा टंकावी लागली. एका वयोवृद्ध विश्वस्तांनी तो कागद हातात घेऊन ‘ही कोणती भाषा?’ असे विचारले होते. तेव्हा आम्ही हसलो, पण प्रश्न अगदी खरा होता.

ह्यावर उपाय युनिकोड ह्या जागतिक संकेताचा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात आपल्या नऊ प्रमुख लिप्यांना स्वतंत्र घरे मिळाली. परंतु त्या घरांत अक्षरांचे आकार नसतात, नुसते वर्ण असतात. आणि येथेच स्टीफन्सचे सहाशे साचे पुन्हा दाराशी उभे राहतात. ‘कविता’ हा शब्द पाहा. टंकणारा ‘क’ नंतर ‘व’ टंकतो, मग ऱ्हस्व इकार, मग ‘ता’. पण दाखवताना तो इकार ‘व’च्या आधी काढावा लागतो. ‘धर्म’ ह्या शब्दात ‘र’ टंकला जातो ‘म’च्या आधी, आणि बसतो ‘म’च्या डोक्यावर. ‘क्ष’ म्हणजे क्, ष हे सांगितल्यावाचून कळणारही नाही. तेव्हा वर्णांच्या रांगेतून अक्षरे कशी उभी करावीत ह्याचे नियम यंत्राला शिकवावे लागतात. १९९९ साली एस. पी. मुदूर आदी सहकाऱ्यांसह जोशी ह्यांनी भारतीय लिप्यांना पडद्यावर आकार देण्याची जी मांडणी शोधनिबंधातून प्रसिद्ध केली, ती ह्याच विषयाची.

आणि हे काम कवीच्या हातून झाले ह्यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे मला वाटते. ‘भक्ती’ ह्या शब्दात टंकलेल्या खुणा पाच. अक्षरे मात्र दोन, ‘भ’ आणि ‘क्ती’. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे मोजणारा कवी ती अशीच मोजतो, आणि जोडाक्षराच्या आधीचा ‘भ’ गुरू धरतो. पिंगलापासून छंदःशास्त्र ज्या एककावर उभे आहे तेच एकक यंत्राला शिकवावयाचे होते. वर्ण सुटे मोजणाऱ्या पाश्चात्त्य कारागिराला ते परके होते. जन्मभर लघुगुरू कानात वाजवीत आलेल्या माणसाला ते घरचे होते.

ह्या सगळ्याचे दृश्य फळ म्हणजे ‘मंगल’. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीबरोबर ती देशभर पोचली. पाठोपाठ २००१ च्या आवृत्तीत तेलुगूसाठी ‘गौतमी’, कन्नडसाठी ‘तुंगा’, गुरुमुखीसाठी ‘रावी’ आल्या. पुढे बंगालीसाठी ‘वृंदा’ आणि मल्याळमसाठी ‘कार्तिका’ आल्या. ह्या मालिकेचे दिग्दर्शन जोशी ह्यांचे, आणि प्रत्यक्ष रेखाटन त्यांच्या तरुण सहकाऱ्यांचे. गौतमी ओंकार शेंडे ह्यांनी रेखाटली. नावे वाचताना तीर्थयात्रेला निघाल्यासारखे वाटते. गौतमी हे तर आपल्या गोदावरीचेच नाव. देवनागरी शिरोरेषेला लोंबकळते. तेलुगूला शिरोरेषा नाही, तिच्या माथ्यावर तलकट्टूची खूण असते आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन वत्तु होऊन खाली उतरते. एवढ्या भिन्न प्रकृतीच्या दोन लिप्या एका पत्रिकेत शेजारी बसवावयाच्या तर त्यांचे वजन जुळले पाहिजे. मुद्रकालाच कळेल की हे किती कठीण असते.

‘मंगल’ सर्वांना आवडली असे मात्र नाही. ती पडद्यासाठी केलेली होती. कागदावर बारीक आणि विरळ दिसते, ओळींमध्ये जागा फार खाते, ही मुद्रकांची तक्रार रास्त आहे. मराठी माणसाला आणखी एक सल होता: ‘ल’ आणि ‘श’ ह्यांची मराठी वळणे तिच्यात नव्हती, हिंदी वळणे होती. कोट्यवधी मराठी भाषकांच्या बोटांची सवय त्यामुळे नकळत बदलू लागली. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीच्या वर्णमालेविषयी निर्णय काढून ह्या अक्षरांची मराठी रूपे नक्की केली. सगळ्या देवनागरीला एकच अंगरखा शिवण्याच्या धोरणात काय गमावले जाते त्याचा हा नमुना. र. कृं.सारख्या अक्षरवेड्या मराठी माणसाच्या हातून ही उणीव राहावी ह्याचे मला वाईट वाटते. पण हिंदी, मराठी, नेपाळी आणि कोकणी ह्या सर्वांना पुरेल असे एकच वळण मागितले जात होते हेही विसरता येत नाही.

कोकणीचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोकणीइतक्या लिप्यांत विखुरलेली भाषा आपल्या देशात दुसरी क्वचितच असेल. गोव्यात देवनागरी आणि रोमन, मंगळूर-उडुपीकडे कन्नड, कोचीला मल्याळम. मंगळूरच्या श्रीवेंकटरमणाच्या देवळात आणि कोचीच्या तिरुमल देवस्वमात एकच भाषा बोलणारी गौड सारस्वत मंडळी एकमेकांची पत्रे वाचू शकत नाहीत, ही आपल्या समाजाची जुनी व्यथा. र. कृं.नी ती मिटवली असे कोण म्हणेल? परंतु मंगल, तुंगा आणि कार्तिका ह्या तिन्हींतून एकाच संकेतव्यवस्थेवर कोकणी उतरली. स्टीफन्सच्या काळी कारागिरी अडल्यामुळे लिपी सोडावी लागली होती; चारशे वर्षांनी ज्याला जी लिपी आपली वाटते तिच्यात त्याने लिहावे, कारागिरीचे निमित्त आता उरले नाही.

र. कृ. प्रकाशक होते काय? दुकान मांडून पुस्तके विकणारे प्रकाशक ते नव्हते. तरीही त्यांच्या केंद्राने त्यांच्या नावावरून ओळखली जाणारी ‘रघू’ ही देवनागरी कोणीही घ्यावी, सुधारावी, वाटावी अशा मुक्त परवान्यावर लोकांना देऊन टाकली, ह्याला मी प्रकाशनच म्हणतो. जावजींच्या कारखान्यातले खिळे पैसे मोजून विकत घ्यावे लागत. ही अक्षरे पाणपोईच्या पाण्यासारखी होती. २००८ च्या फेब्रुवारीत, अक्षरांच्याच कामासाठी परदेशी गेले असता, सॅन फ्रान्सिस्को येथे जोशी वारले. नंतरच्या वर्षांत विंडोजमध्ये मंगलची जागा दुसऱ्या वळणाने घेतली, आणि युनिकोडवर चालणारी देखणी मराठी वळणेही पुष्कळ निघाली. धातूचे खिळे भंगारात गेले तसे हेही व्हावयाचेच.

आमच्या जिल्ह्यात ह्या कथेला एक शेपूट आहे. नारनूर मंडलातले गुंजाळा हे गोंडांचे गाव. तेथे काही जुनी हस्तलिखिते घराघरांतून जपून ठेवलेली होती, आणि त्यांची लिपी देवनागरी नव्हे, तेलुगुही नव्हे. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमलराव आणि त्यांचे सहकारी ह्या शतकात त्या हस्तलिखितांपर्यंत पोचले. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती लिहिली गेली असावीत असा अंदाज आहे. ती वाचू शकणारी वृद्ध माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पुढे लिपीचा फाँट झाला, वाचनपाठ छापले गेले, मुले शिकू लागली. आणि २०१८ च्या जूनमध्ये निघालेल्या युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाळा गोंडी लिपीला तिचे स्वतःचे घर मिळाले. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता तर ते कागद वाळवीने खाल्ले असते, किंवा कोणा संग्रहालयाच्या काचेखाली न वाचताच पडून राहिले असते.

त्या घरात स्वर आहेत, व्यंजने आहेत, अंक आहेत, आणि शेवटाकडे एक वेगळी खूण आहे. ती गोंडी लिपीतला ॐ.